चांदीवरचा थर

भंडारा, ९ नोव्हेंबर २०२४

रिता,

आशीर्वाद आहेतच. बाप रागावला म्हणून ते बंद होत नाहीत आणि मुलगी रागावली म्हणूनही होत नाहीत.

तीन महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. रविवारी आईशी बोलतेस तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतो, म्हणजे तुला मोकळं बोलता यावं. कान अर्थात आतच असतात. पण मायलेकींचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. जेवलीस का, थंडी पडली का, बरं ठेवते. मी आत येईपर्यंत तुझी आई स्वयंपाकघरात पसार. म्हणून शेवटी कागद घेतला. तसंही फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा माझा फायदा. न वाचता फेकू शकतेस, हा तुझा.

तर मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये आम्ही बंगळूरला तुझी प्रयोगशाळा पाहायला आलो. तू आमच्यासाठी चहा आणायला गेलीस. तुझ्या टेबलावरच्या डबीत चांदीची एक चकती होती, करंगळीच्या नखाएवढी, जराशी मळकट. तू चहा घेऊन परत आलीस तेव्हा ती लखलखत होती. दंतमंजन आणि सुती कापड, दुसरं काही नाही. आमच्याकडे पैंजण असेच घासतात, आणि भांडेवाल्याच्या घरात मळकट वस्तू तशीच ठेवली तर हात शिवशिवतात. तू विचारलंस, कोणी घासली. मी म्हणालो, मी.

ती बाजारातली चांदी नव्हती, तिचा पृष्ठभाग तयार करायला कारागिरांना कित्येक दिवस लागतात, आणि आता ओरखडे काढायला तिला जर्मनीला पाठवावं लागणार, हे मला नंतर कळलं. चूक झाली. माफी मागतो. या वयात सवय नाही, तेव्हा माफी थोडी वाकडी आली असेल तर ठोकून सरळ करून घे.

यंदा दिवाळीत दुकान बरं चाललं. लोक पुन्हा पितळेकडे वळू लागले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणतात. आम्ही चाळीस वर्षं सांगत होतो, पण आम्ही पडलो भांडेवाले.

तुझा बाबा

---

भंडारा, २ डिसेंबर २०२४

रिता,

उत्तर आलं नाही. पोस्टमन दुकानावरून जाताना हल्ली माझ्याकडे पाहतच नाही, त्यालाही अवघड होत असावं.

मग मी पहिलं पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचलं. त्यात चकतीची माफी आहे, आणि जी खरी मागायला हवी होती तीच गाळली आहे. तुझ्या सरांसमोर, तुझ्याबरोबरच्या मुलामुलींसमोर मी म्हणालो, "सहा वर्षं झाली घासून राहिली, एक भांडं तरी उभं केलं का तू?" तू गप्प झालीस. ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

ते तोंडातून चुकून निघालं असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. ते मनात होतं. इथं रोज कुणीतरी विचारतं, पोरगी काय करते. मी सांगायचो, संशोधन. कसलं, असं विचारलं की मी गिऱ्हाइकाकडे वळायचो. तू मला दोनदा नीट समजावून सांगितलं होतंस आणि दोन्ही वेळा मी पेपर वाचता वाचता मान हलवली होती. मला येत नव्हतं त्याचा राग मी तुझ्यावर काढला. रिता, ते वाक्य मी परत घेतो. चकतीपेक्षा मला त्याचं जास्त लागलं आहे.

आता ऐक काय झालं. आपल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात ते योगेंद्र सर परवा दोन पातेली घेऊन कल्हईला आले. भट्टी पेटायला वेळ होता. म्हटलं, बसलाच आहात तर सांगा, चांदीवर सिलिकॉनचा थर म्हणजे काय असतं. सरांचे डोळे असे चमकले की त्यांना वर्गात कुणी प्रश्न विचारत नसावं. माझ्याच पेपरच्या कोऱ्या कडेवर त्यांनी षट्कोन काढले, एकाला एक जोडून. म्हणाले, "टिकारामजी, सिलिकॉनचे कण एकावर एक चढू द्यायचे नाहीत. सगळे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकच कण जाडीचा थर. तो नुसता आपला आपण उभा राहत नाही, त्याले खाली चांदी लागते. अन् चांदी साफ पाहिजे, अन् बरोबर तापलेली पाहिजे."

मी म्हटलं, "सर, हे तर मी रोज करून राहिलो."

भांडं साफ करायचं, तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसानं असं फिरवायचं की जाड कुठं नाही आणि उघडं कुठं नाही. सर म्हणाले तुमचा थर हजारो कणांचा, तिचा एकाचा. मान्य. पण धंदा एकच. रिता, मला इतका आनंद झाला की मी सरांची कल्हई दोनदा केली. सहा वर्षं मी लोकांना सांगू शकत नव्हतो तू काय करतेस, आणि तू माझंच काम करत होतीस, फक्त फार बारीक.

सर म्हणाले सिलिकॉन रेतीतून निघतं. इथं वैनगंगेची रेती लोक ट्रक भरभरून पळवतात आणि तू कणाला कण लावत बसतेस. कुणाची पोरगी म्हणायची.

आई बरी आहे. दुकानातली प्रत्येक वस्तू तीच घासते हे तुला माहीतच आहे, पण हल्ली घासता घासता मध्येच थांबते. विचारलं तर म्हणते काही नाही.

तुझा बाबा

---

भंडारा, १२ जानेवारी २०२५

रिता,

पत्र आलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग बाबुलालच्या टपरीवर जाऊन त्याला चहा सांगून वाचलं. चारच ओळी असल्यामुळे हे जमलं. तुझ्या ओळी तुलाच लिहून पाठवतो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल.

"बाबा, दोन्ही पत्रं मिळाली. चकती पॉलिश होऊन आली. तीन आठवडे झाले, थर बसत नाही, सिलिकॉनचे ढीग होतात. आकडे मागच्या वर्षीचेच आहेत, चांदी तीच आहे, तेव्हा बसत होता. यंत्रावर माझी पाळी ३१ मार्चपर्यंत, शिष्यवृत्तीही तोवरच."

शेवटची ओळ वाचून चहा गार झाला. म्हणजे तोवर थर बसला नाही तर सहा वर्षं वाया, पदवी नाही, आणि हे सगळं दंतमंजनानं. तू हे लिहिलं नाहीस. तुझ्या आईनं मात्र बरोबर वाचलं. पत्र घडी करून देवाजवळ ठेवलं.

मी योगेंद्र सरांना गाठलं. ते म्हणाले, इतक्या लांबून काय सांगणार, ती माझ्यापेक्षा जास्त शिकली आहे. मला तसा काही संकोच नाही, त्यामुळे मी सांगतो. थर बसत नाही याची कारणं तीनच असतात. भांडं साफ नाही, आच चुकली, किंवा कारागिराचं मन दुसरीकडे आहे. तिसऱ्याचं कारण मी असेन तर ते कारण संपलं असं समज. पहिल्यासाठी नवसागर टाकून पाहिलास का? पाहिजे तर इथून पुडी पाठवतो, चांगला मिळतो.

तुझा बाबा

---

भंडारा, ९ फेब्रुवारी २०२५

रिता,

तुझं दुसरं पत्र सात ओळींचं होतं. प्रगती आहे. नवसागर चालत नाही, यंत्राच्या पोटात हवासुद्धा चालत नाही, तर पुडी कुठली, हे कळलं. चांदी तुम्ही कणांचा मारा करून साफ करता आणि ती स्वच्छ असल्याचं तुला पडद्यावर दिसतं, हेही कळलं. म्हणजे भांडं साफ आहे. आच तू दोनशे तीसवर ठेवतेस, आकडा समोर दिसतो, एक अंशही हलत नाही. मग मला काही सुचेना.

परवा मोहाडीच्या मालनबाई आल्या होत्या. त्यांच्या सासूच्या लग्नातला भात शिजवायचा पितळी गंज आहे, तोच घेऊन. येत्या महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न, त्याच गंजात भात करायचा आहे. मी हा गंज आजवर पाच-सहा वेळा कल्हई केला असेल. नेहमीसारखी भट्टी लावली, नेहमीइतका भाता मारला, नेहमीइतका वेळ ठेवला. कांडी टेकवली आणि कथील जळलं. पिवळंकाळं पडलं, सबंध बुडावर. चाळीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मालनबाई समोर स्टुलावर बसलेल्या. त्या म्हणाल्या, "तुमी तं अस्सल कारागीर, काहून असं झालं?"

गंज थंड करून हातात घेतला, बुडावर बोट वाजवून पाहिलं, आणि तेव्हा कळलं. सत्तर वर्षं राखेनं घासून घासून बूड झिजलं होतं. गेल्या खेपेपेक्षाही पातळ. भट्टी तीच, वेळ तोच, पण भांडं तेच राहिलं नव्हतं. मी भट्टीवर भरवसा ठेवला, भांड्याला विचारलंच नाही. सगळं खरवडून पुन्हा केलं, मंद आचेवर, आणि सुरेख बसलं.

बाई घरी गेल्या आणि माझ्या डोक्यात तुझी चकती आली. घासलं की झिजतंच. जर्मनीवाल्यांनी ओरखडे काढले म्हणजे वरची चांदी काढली. चकती आता पूर्वीपेक्षा पातळ असणार. मग ती तिच्या खोबणीत पूर्वीसारखी घट्ट बसते का? आणि तो दोनशे तीसचा आकडा कशाचा आहे, चकतीचा की ती ज्याच्यावर बसवली आहे त्याचा? म्हणजे, भांड्याचा की चुलीचा? माझा गंज जास्त तापला, तुझी चकती कमी तापत असेल, किंवा उलट, मला काय कळतं. पण तू "चांदी तीच आहे" असं लिहिलं आहेस. ती तीच नाही, रिता.

इथपर्यंत लिहून मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासायची चिंच बाजूला ठेवून समोर येऊन बसली. म्हणाली, "आता हेबी लिवा. चकती मी घासली."

मी म्हटलं, "राहू दे ना, कायले आता."

"पोरगी तिकडे एकएक गोष्ट तपासून राहिली, अन् आपून तिले एक गोष्ट खोटीच सांगून बसलो. लिवा."

तर लिहितो. ती चकती आईनं घासली. पिशवीत दंतमंजन होतं, अंगावर सुती पातळ होतं, आणि तुला खूश करायचं होतं. तुझी इतकी मोठी शाळा पाहून तिला वाटलं, आपल्याला इथलं एवढं एकच काम येतं. तू आत येऊन विचारलंस तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला आणि म्हणालो, मी. ते एक खोटं मला अजून चूक वाटत नाही. पण तिला सहा महिने खुपत होतं, आणि आता सांगून झाल्यावर ती दोन पोळ्या जास्त जेवली.

तिला फोनवर काही बोलू नकोस, बोलायचं तर चांगलं बोल.

तुझा बाबा

---

भंडारा, २० मार्च २०२५

रिता,

काल आपण फोनवर सव्वीस मिनिटं बोललो. तिसरं वाक्य आलं आणि गेलं, दोघांच्या लक्षातही आलं नाही. तरी पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मी अर्धा वेळ नुसता "हो, हो" म्हणत होतो आणि जे म्हणायचं होतं ते राहिलं.

आधी इकडची हकीकत. तुझा फोन आला तेव्हा मी भट्टीवर होतो. आईनं फोन घेतला आणि पहिल्यांदाच तो तिनं मला आणून दिला, कापूस धरलेल्या हातात. तू म्हणालीस, "बाबा, बसला." मी विचारलं, "किती?" तू म्हणालीस, "सगळीकडे." मग मी कापूस खाली ठेवला.

तू जे सांगितलंस ते मी सरांना सांगण्यासाठी पाठ केलं आहे. आकडा चुलीचा होता. चकती पातळ झाल्यामुळे चापाखाली सैल बसत होती, आच तिच्यापर्यंत पुरती पोहोचत नव्हती, आणि तू मागच्या वर्षीच्या हिशोबानं ती तापली असं समजत होतीस. तू तिच्याखाली पातळ पत्रा सारलास, चकतीचा ताप नव्यानं मोजून घेतलास, आणि चौथ्या दिवशी कण शेजारी शेजारी जाऊन बसले. हे तुझ्या सरांनाही सुचलं नव्हतं असं तू म्हणालीस. ते वाक्य मी बाबुलालच्या टपरीवर आतापर्यंत तीनदा वापरलं आहे.

आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे, की चकती आईनं घासली. "बाबा, तुम्ही घासली असती तर मध्ये एक डाग राहिला असता." आईला हे सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारच्या दुकानातून विचारायला आले. म्हणजे आम्ही सहा महिने ज्याच्यावर पांघरूण घालत होतो त्याची तुला पर्वाच नव्हती. राग त्या वाक्याचा होता. ते परत घेतल्याचं पत्र तू जपून ठेवलं आहेस हे ऐकून मी कान फोनला आणखी चिकटवला, पण तू लगेच विषय बदललास. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून काढून आणला. योगेंद्र सर आले, चष्मा पुसून पाहिला, आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे घ्या, हे कण." ओळीच ओळी आहेत. मालनबाई नातीच्या लग्नाचे लाडू द्यायला आल्या होत्या, त्यांनीही पाहिला. त्या म्हणाल्या, "रोवणा चांगला झाला." धान रोवणाऱ्या बाईला ओळी कशा असाव्यात हे कळतं, तेव्हा तू पास झालीस असं समज. तुझ्या शाळेचं काय ते एप्रिलमध्ये कळेल, पण मोहाडी तालुक्यातून तू पास आहेस.

आता खरी गोष्ट. तुझ्या आईनं फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "फोटो नको, तो थर आणाले सांगा. सुटीत घेऊन ये म्हणा." मी तिला तू सांगितलेलं समजावलं, की तो यंत्राच्या पोटातच राहतो, बाहेरची हवा लागली की बिघडतो, म्हणून तो कधीच कुठं नेता येत नाही. एवढ्या कष्टाची वस्तू आणि घरी दाखवायला नेता येत नाही, हे तिला पटेना. कितीतरी वेळ ती भांडी पुसत राहिली. मला वाटलं नाराज झाली.

मग ती म्हणाली, "तो नाई येऊ शकत तं आपून जाऊ. काहून नाई जाऊन राहिलो आपून?"

रिता, सहा वर्षं आम्ही तुला एकच विचारत होतो, घरी कधी येशील. दिवाळीला ये, पोळ्याला ये, लग्नाला ये. तू म्हणायचीस काम सोडता येत नाही, आणि आम्हाला वाटायचं तुला यायचं नाही. तुझं काम जिथं आहे तिथं आपणच जावं, दोन दिवस गप्प बसून तुला ते करताना पाहावं, हे आमच्या डोक्यात आलंच नाही. एकदा आलो ते पाहुण्यांसारखे आलो आणि काय करून ठेवलं ते तुला माहीतच आहे.

म्हणून मी काल रात्री पुन्हा फोन लावून भीत भीत विचारलं, येऊ का आम्ही. तू म्हणालीस, "या." बास, एवढंच. आईनं फोनला कान लावला होता, तिनंही ऐकलं. आज सकाळी मी तिकिटं काढून आणली. २८ तारखेला नागपूरहून निघतो, २९ ला बंगळूरला पोहोचतो, म्हणजे तुझी पाळी संपायच्या आत थर पाहायला मिळेल. दुकान चार दिवस बंद. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, लग्नसराईत. दारावर पाटी लावणार आहे: मुलीचं काम पाहायला गेलो आहे. सही टिकाराम.

स्टेशनवर यायची गरज नाही. तुझी पाळी चालू असेल, आम्ही विचारत विचारत रिक्षानं येऊ, तू यंत्र सोडू नकोस.

हे लिहिलेलं आईनं वाचलं आणि म्हणाली, एवढी पत्रं लिहिली आणि शेवटी पुन्हा खोटं. तिचं बरोबर आहे. स्टेशनवर ये. गाडी थांबली की मला तू फलाटावर उभी दिसायला हवी आहेस.

तुझा बाबा